दृक्प्रत्ययाची कसोटी : स्वयंसेवी संगणक-मार्गदर्शिका आणि त्यांचे बीजसंस्कार

मराठी समीक्षेने कादंबरी, कविता, नाटक, आत्मचरित्र यांच्याकडे भरपूर पाहिले, कोशवाङ्मयाकडे थोडेफार पाहिले. पण गेल्या पंचवीस वर्षांत शिकणाऱ्या माणसाच्या हाती वारंवार आलेला एक गद्यप्रकार तिच्या नजरेतून सुटून गेला आहे. तो म्हणजे संगणकाची मार्गदर्शिका : ‘इथे दाबा, मग ही खिडकी उघडेल, तीत अमुक निवडा’ असे सांगत पुढे नेणारे लेखन. याला लेखन म्हणायचे का, असा प्रश्न कोणी विचारील. माझ्या मते म्हणायला हवे. त्यात निवेदक असतो, गृहीत धरलेला वाचक असतो, क्रम असतो, शब्दांची निवड असते. शिवाय हे लेखन वाचून माणूस लगेच काहीतरी करायला बसतो. एवढी तत्काळ परीक्षा फार थोड्या लेखनाची होते.

या लेखापुरता मी या प्रकारातल्या एकाच शाखेचा विचार करणार आहे. मुक्त सॉफ्टवेअरसाठी स्वयंसेवकांनी लिहिलेल्या आणि मराठीत आणलेल्या मार्गदर्शिका, ही ती शाखा. प्रश्नही एकच आहे. सॉफ्टवेअर दर काही महिन्यांनी बदलते आणि मार्गदर्शिका मात्र लिहून झाली की थांबते. मग ती खरी राहावी कशी, आणि खरी राहिली नाही तर तोटा कोणाचा? माझे प्रतिपादन थोडक्यात असे : अशा मार्गदर्शिकेची गुणवत्ता तिच्या पहिल्या लेखनापेक्षा तिच्या दुरुस्तीच्या व्यवस्थेवरून ठरवली पाहिजे. मराठीत आपण पहिल्या लेखनाचा सोहळा करतो. दुरुस्तीला वाली नसतो. आणि याची किंमत चुकवतो तो नवशिका, तीही बहुतेक वेळा स्वतःवरचा विश्वास गमावून.

१. पंचांगाचा जुना वाद

हा प्रश्न वाटतो तेवढा नवा नाही. महाराष्ट्राने तो एकदा मोठ्या आवाजात चर्चिला आहे, फक्त त्या वेळी विषय संगणकाचा नसून आकाशाचा होता.

कोकणातल्या नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे इ.स. १५२० मध्ये, ‘ग्रहलाघव’ लिहिला. त्यांचे वडील केशव दैवज्ञ स्वतः वेध घेणारे ज्योतिषी होते. जुन्या ग्रंथांवरून काढलेले ग्रह आणि आकाशात दिसणारे ग्रह जुळत नाहीत, हे या घराण्याला प्रत्यक्ष पाहून ठाऊक होते. ‘ग्रहलाघवा’ने ते जुळवून दिले आणि गणितही सोपे केले, ज्या-चापाची किचकट आकडेमोड टाळून ग्रह काढता येऊ लागले. म्हणूनच तो गावोगावच्या जोशीबुवांच्या हाती गेला आणि शतकानुशतके महाराष्ट्रातली पंचांगे त्यावरून निघत राहिली.

पण ग्रंथ थांबला होता, ग्रह चालत होते. एकोणिसाव्या शतकापर्यंत पंचांगातली वेळ आणि आकाशातली वेळ यांत डोळ्यांना दिसेल एवढे अंतर पडले. तेव्हा केरो लक्ष्मण छत्रे यांनी नव्या वेधांच्या आधारे ग्रह काढण्याची कोष्टके मराठीत आणली आणि शके १७८७ पासून त्यांच्या गणिताचे पटवर्धनी पंचांग निघू लागले. पुढे व्यंकटेश बापूजी केतकरांनी गणिताची बाजू भक्कम केली. लोकमान्य टिळकांनी या सुधारणेचा पक्ष घेतला. टिळक पंचांग हे नाव त्यातूनच रूढ झाले. विरोधही झाला. पंचांग बदलले की एकादशी बदलते, सण बदलतो आणि घरातली जुनी माणसे बिथरतात.

या वादाने मराठीला दोन नेमके शब्द वापरायला दिले. गणिताने आलेली स्थिती डोळ्यांना दिसणाऱ्या स्थितीशी जुळणे, हा दृक्प्रत्यय. आणि जुन्या ग्रंथातली मूल्ये नव्या वेधांनुसार सुधारून घेणे, हा बीजसंस्कार. संगणकाच्या मार्गदर्शिकेला मला हीच कसोटी लावावीशी वाटते. पुस्तकात म्हटले आहे ते पडद्यावर दिसते का? दिसत नसेल तर बीजसंस्कार कोण करणार, आणि तो झाला हे वाचकाला कळणार कसे?

एक फरक मात्र आधीच सांगितला पाहिजे. ग्रह कोणाला विचारून चालत नाहीत, आणि त्यांचे अंतर हळूहळू, कलेकलेने पडते. सॉफ्टवेअर माणसे बदलतात, ठरलेल्या तारखेला बदलतात आणि काय बदलले याची यादीही प्रसिद्ध करतात. म्हणजे मार्गदर्शिकाकारांचे काम खरे तर ज्योतिषांपेक्षा सोपे असायला हवे. तरी ते अडते. का अडते, हे पाहण्यासाठी एक उदाहरण जवळून घेऊ.

२. लिबरऑफिस : तीस आवृत्त्यांची वाट

लिबरऑफिस हा पत्र लिहिणे, हिशेबाचे तक्ते करणे, सादरीकरण करणे अशा कामांचा मुक्त आणि मोफत संच आहे. त्याची मुळे ओपनऑफिसमध्ये आहेत. २०१० च्या आरंभी ओरॅकलने सन मायक्रोसिस्टिम्स विकत घेतली आणि त्याच वर्षी २८ सप्टेंबरला ओपनऑफिसच्या अनेक कार्यकर्त्यांनी वेगळे होऊन ‘द डॉक्युमेंट फाउंडेशन’ ही संस्था जाहीर केली. लिबरऑफिसची पहिली स्थिर आवृत्ती, ३.३, जानेवारी २०११ मध्ये आली. तेव्हापासून साधारण दर सहा महिन्यांनी नवी मुख्य आवृत्ती येते. ३.३ पासून ऑगस्ट २०२५ च्या २५.८ पर्यंत मोजल्या तर अशा तीस आवृत्त्या भरतात. एकेका आवृत्तीला दुरुस्त्या मिळण्याचा काळ सुमारे नऊ महिन्यांचा. म्हणजे गर्भाएवढेच तिचे आयुष्य.

या संचाच्या इंग्रजी मार्गदर्शिका स्वयंसेवक लिहितात. प्राथमिक ओळखीची एक, आणि लेखन, तक्ते, सादरीकरण वगैरे प्रत्येक भागाची एकेक. समीक्षक म्हणून त्या वाचताना पहिली नजरेत भरते ती त्यांची सुरुवात. कोणत्या महिन्यात प्रसिद्ध झाली आणि लिबरऑफिसच्या कोणत्या आवृत्तीवर आधारली आहे, हे तिथेच छापलेले असते. त्याखाली या आवृत्तीला हात लावणाऱ्यांची नावे आणि मग आधीच्या आवृत्त्यांना हात लावणाऱ्यांची नावे, अशा दोन याद्या असतात. काही जण दोन्ही यादीत, काही फक्त दुसऱ्या. कोण आले, कोण थकून गेले, कोण टिकले, हे त्या पानावरून कळते. ग्रंथाची अर्पणपत्रिका आपण हौसेने वाचतो. मला हे पान तिच्याहून बोलके वाटते.

दुसरा गुण रचनेचा. प्रत्येक प्रकरण स्वतंत्र फाइल असते. ज्या प्रकरणातला पडदा बदलला तेवढेच कोणी दुरुस्त करावे आणि मग सगळी प्रकरणे एकत्र बांधावीत, अशी सोय त्यात आहे. मोकळा वेळ असलेल्या माणसाला अख्खे पुस्तक जड जाते, एक प्रकरण झेपते.

तरीही गाठ पडत नाहीच. प्रत्येक आवृत्तीला पूर्ण मार्गदर्शिका मिळते असे नाही. मधल्या काही सुटतात. कारण श्रमाच्या विभागणीत आहे. नवी सोय लिहिणारा प्रोग्रॅमर त्या कामात रमलेला असतो आणि पुष्कळदा एखाद्या कंपनीच्या पगारावरही असतो. त्या सोयीचे वर्णन लिहिणारा मात्र रात्री घरकाम आटोपून बसलेला असतो. सोय आली की बातमी होते. परिच्छेद दुरुस्त झाला की कोणाला कळतही नाही. शिवाय बदल सारख्या आकाराचे नसतात. फेब्रुवारी २०१९ मधल्या ६.२ ने मेनूच्या जागी टॅबची पट्टी वापरण्याची सोय सर्वांसमोर आणली, ७.१ ने तर पहिल्यांदा उघडतानाच कोणता चेहरामोहरा हवा, हे विचारायला सुरुवात केली. मार्गदर्शिका ‘मेनूत जा’ म्हणते, आणि ज्याने टॅब निवडले त्याच्या पडद्यावर तो मेनू दिसतच नाही. आता एकाच आवृत्तीत एकाहून अधिक आकाशे आहेत.

२०२४ पासून या संचाने क्रमांकाची पद्धत बदलली. ७.६ नंतर ८.० न येता २४.२ आली : सन २०२४, महिना दुसरा. उबुंटूने ही पद्धत फार आधीपासून ठेवली आहे. नावातच तिथी आल्याने वाचकाचे एक मोठे काम झाले. जुन्या पंचांगावर शक दिसावा तसे २४.२ वाचताच तिचे वय कळते. ३.३ वरून ते कळत नसे.

३. मराठीत येताना : दुहेरी अंतर

आता मराठीकडे वळू. लिबरऑफिस मराठीतून शिकवण्याचा सर्वांत चिकाटीचा प्रयत्न मुंबईच्या आयआयटीतल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचा आहे. प्रा. कन्नन मौदगल्य यांच्या पुढाकाराने आणि केंद्र सरकारच्या राष्ट्रीय शिक्षण अभियानाच्या निधीतून तो उभा राहिला. निधी आणि पगारी माणसे असल्याने त्याला काटेकोर अर्थाने स्वयंसेवी म्हणता येणार नाही. पण त्याची भिस्त देशभरच्या शिक्षक, विद्यार्थी आणि भाषांतरकारांच्या योगदानावर आहे आणि साहित्य मुक्त परवान्याखाली आहे. म्हणून तो या चर्चेत बसतो.

त्याची पद्धत विचारपूर्वक बांधलेली आहे. सुमारे दहा मिनिटांचा एक पाठ. पडद्यावर काय घडते ते एका रकान्यात आणि निवेदन दुसऱ्या रकान्यात, अशी संहिता आधी लिहायची. ती एखाद्या नवख्या माणसाला करून पाहायला द्यायची. मग पडदा टिपायचा, इंग्रजीत आवाज द्यायचा, आणि नंतर मराठीसह इतर भारतीय भाषांत फक्त आवाज बदलायचा. शिकणाऱ्याने एका बाजूला पाठ आणि दुसऱ्या बाजूला प्रत्यक्ष सॉफ्टवेअर उघडून ऐकत ऐकत तसेच करत जायचे. मराठी निवेदन साधे, न घाईचे, शब्दांचा बडेजाव नसलेले आहे. पडदा इंग्रजीच असल्याने मेनूची नावे इंग्रजीच उच्चारली जातात, आणि हा निर्णय मला योग्य वाटतो. पडद्यावर ‘इन्सर्ट’ दिसत असताना कानावर ‘समाविष्ट’ पडले तर शिकणारा शब्द शोधत बसेल.

या पाठांचा आणखी एक प्रामाणिकपणा म्हणजे सुरुवातीलाच निवेदक आवृत्ती सांगतो. लेखनाच्या जुन्या पाठमालेत ती लिबरऑफिस ३.३.४ आणि उबुंटू १०.०४ अशी आहे. दृक्प्रत्ययाची पहिली अट, म्हणजे हे गणित कोणत्या शकाचे आहे हे सांगणे, इथे पाळली गेली आहे.

अडचण पुढे येते. उबुंटू १०.०४ चा घरगुती संगणकांसाठीचा आधार २०१३ मध्येच संपला. लिबरऑफिसही पुढे सरकत गेले. चित्र घालायचे तर ३.३ च्या काळात ‘इन्सर्ट’, ‘पिक्चर’, ‘फ्रॉम फाइल’ अशी तीन पायऱ्यांची वाट होती. आज ‘इन्सर्ट’मध्ये थेट ‘इमेज’ आहे. ‘पिक्चर’ हा शब्दच नाही. पानाची मांडणी तेव्हा ‘फॉरमॅट’मधल्या ‘पेज’खाली होती, आता तिथे ‘पेज स्टाइल’ लिहिलेले असते. ‘स्टाइल्स अँड फॉरमॅटिंग’ तेव्हा ‘फॉरमॅट’ मेनूत होते. आता ‘स्टाइल्स’ नावाचा स्वतंत्र मेनूच आहे. एकेक बदल पाहिला तर क्षुल्लक. सरावलेला माणूस अर्ध्या सेकंदात वाट काढील. पण पाठ सरावलेल्यांसाठी नसतोच.

प्रकल्पाने हे ओळखले आणि पुढे ६.३ आवृत्तीसाठी नवी पाठमाला केली. मात्र ३.३ आणि ६.३ यांच्यामध्ये सोळा मुख्य आवृत्त्या होऊन गेल्या होत्या. एवढे अंतर पडण्याचे कारण आळस नाही, माध्यम आहे. छापील किंवा लिखित मार्गदर्शिकेत ‘पिक्चर’ खोडून ‘इमेज’ लिहायला मिनिट लागते. चलत्‌चित्रात तो शब्द बोलला गेलेला असतो आणि तो मेनू टिपला गेलेला असतो. तेवढ्यासाठी पडदा पुन्हा टिपावा लागतो, इंग्रजी आवाज पुन्हा द्यावा लागतो आणि मग प्रत्येक भाषेतला आवाज नव्या चित्राच्या वेळेशी पुन्हा जुळवावा लागतो. जे माध्यम नवशिक्याला सर्वांत सोपे, तेच दुरुस्तीला सर्वांत महाग. माध्यम निवडताना हा हिशेब पहिल्याच दिवशी मांडायला हवा असतो. तो सहसा मांडला जात नाही, कारण उद्‌घाटनाच्या दिवशी सगळे पाठ ताजेच असतात.

भाषांतराने यात आणखी एक थर वाढतो. सॉफ्टवेअर पुढे, इंग्रजी मार्गदर्शिका त्याच्या मागे, आणि मराठी त्या इंग्रजीच्याही मागे. मराठी वाचकापर्यंत पोहोचते ती मागे पडलेल्या ग्रंथाची मागे पडलेली छाया. म्हणूनच, एरवी गंमत म्हणून चालून जाईल अशी विसंगती मराठीत गंभीर होते.

४. वरूडच्या बाजूने

मी वरूडला राहतो. इथला मुलगा संत्र्याच्या बागेतून येऊन टायपिंगच्या क्लासला बसतो, ग्रामपंचायतीत संगणक परिचालक होण्याची आशा धरतो किंवा सेवा केंद्र टाकतो. त्याच्यापर्यंत मार्गदर्शिका पोहोचते ती मूळ जागेवरून नाही. कोणीतरी उतरवून घेतलेली, पेन ड्राइव्हवरून आलेली, पहिली दोन पाने गळालेली झेरॉक्स. आवृत्ती आणि तारीख नेमकी त्या गळालेल्या पानांवर असते.

पुढे काय होते, ते मी पुष्कळदा पाहिले आहे. कागद सांगतो तसे पडद्यावर दिसत नाही. शहरातला सरावलेला वापरकर्ता म्हणतो, ‘हे जुने दिसते.’ इथला नवशिका म्हणतो, ‘माह्याच्यानं नाही जमत.’ छापलेले चुकत नाही, ही श्रद्धा आपल्या शाळांनी त्याच्यात पक्की रुजवली आहे. पुस्तक आणि पडदा यांत विरोध आला की तो तिसऱ्यालाच, म्हणजे स्वतःला, दोषी धरतो. मास्तरला विचारायची लाज वाटते. तो त्या दिवशी उठून जातो आणि काही जण परत येत नाहीत. शिळ्या मार्गदर्शिकेचे खरे नुकसान हे आहे. चुकीची माहिती दुरुस्त करता येते. आपण या कामाचे नाही, अशी समजूत एकदा झाली की ती लवकर निघत नाही.

शेतीतही हीच कहाणी वेगळ्या नावाने दिसते. ई-पीक पाहणीचे ॲप १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर आले. शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर पिकाची नोंद करायची होती. गावातल्या शिकलेल्या पोरांनी कोणी न सांगता सूचनांचे कागद केले, पडद्याची चित्रे काढून त्यावर बाण आखले आणि व्हॉट्सॲपवर फिरवले. स्वयंसेवी मार्गदर्शिकेचे याहून शुद्ध उदाहरण सापडणार नाही. २०२२ मध्ये ॲपची २.० आवृत्ती आली आणि केलेली नोंद ४८ तासांत दुरुस्त करण्याची मुभा तीत मिळाली. पुढे आणखी आवृत्त्या आल्या. पण बाण आखलेली जुनी चित्रे फिरतच राहिली, कारण त्यांच्यावर ना तारीख होती ना आवृत्ती. २०२१ चे चित्र पाहून नोंद करणाऱ्याला, चूक झाली तर ती सुधारता येते हेच कळत नाही. इथे प्रश्न शब्दशैलीचा राहत नाही. सातबाऱ्यावर कोणते पीक लागते, याचा होतो.

५. दुरुस्तीच्या तीन युक्त्या आणि एक इशारा

मग उपाय आहे का? जगभरच्या स्वयंसेवकांनी काही युक्त्या शोधल्या आहेत, आणि समीक्षेच्या दृष्टीने त्या विचार करण्याजोग्या आहेत.

पहिली युक्ती सॉफ्टवेअरच्या मेनूंचे भाषांतर करणाऱ्यांची. त्यांच्या फाइलीत मूळ इंग्रजी वाक्य आणि त्याखाली मराठी, अशा जोड्या असतात. मूळ वाक्य बदलले की जुने मराठी पुसले जात नाही, पण त्यावर ‘फझी’ अशी खूण पडते. धूसर, संशयित. कोणीतरी पाहून ती खूण काढेपर्यंत वापरणाऱ्याला तिथे मराठी दिसत नाही, इंग्रजी दिसते. यामागचा निवाडा कठोर आहे : चुकीच्या मराठीपेक्षा बरोबर इंग्रजी परवडली. भाषाप्रेमी माणसाला तो टोचेल. मला तो पटतो, कारण तो वाचकाच्या बाजूचा आहे.

दुसरी युक्ती पीएचपी या संगणकभाषेच्या मार्गदर्शिकेची. तिच्या प्रत्येक भाषांतरित फाइलीच्या माथ्यावर, हे भाषांतर मूळाच्या कोणत्या नोंदीवरून केले, याची खूण लिहिलेली असते. मूळ पुढे गेले की किती फाइली मागे राहिल्या, हे यंत्रच मोजून दाखवते. तिसरी युक्ती विकिपीडियाच्या परिवारातल्या साहाय्य-पानांची. मूळ परिच्छेद बदलला की भाषांतरातला तेवढाच परिच्छेद गुलाबी पार्श्वभूमीवर दिसतो. पान काढून टाकत नाहीत, खोटेपणाने ताजेही म्हणत नाहीत. हा भाग शिळा असू शकतो, एवढे वाचकाच्या तोंडावर सांगतात.

तिन्हींत एक समान सूत्र आहे : भाषांतर आपल्या मूळाचा पत्ता जवळ बाळगते. आमच्या भागाला हे सूत्र परके वाटू नये. शेजारच्या मोर्शी तालुक्यातल्या ऋद्धिपूरला म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले, तेव्हा त्यांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी त्या त्या माणसाकडे जाऊन मिळवल्या. पुढे मूळ प्रत हरवली आणि अनुयायांनी स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा केला. असे वेगवेगळे पाठ तयार झाले आणि महानुभावांनी ते कोणाचे, हे नावानिशी सांभाळले. हिराइसेचा पाठ, रामेश्वरबासांचा पाठ. सगळे एकाच कढईत घालून एकजीव करणे सोपे होते. त्यांनी ते केले नाही, म्हणून आज संशोधकाला कोणता शब्द कोणाकडून आला ते शोधता येते. शेकडो हातांनी घडणाऱ्या ग्रंथाला पाठाचा पत्ता लागतो, हे या मातीला सात शतकांपूर्वी ठाऊक होते.

पण पत्ता लिहिणे पुरेसे नाही, हा इशाराही इतिहासात आहे. ‘लिनक्स डॉक्युमेंटेशन प्रोजेक्ट’ हा १९९० च्या दशकातला फार मोठा स्वयंसेवी उपक्रम. त्याच्या ‘हाउटू’ नावाच्या पुस्तिकांनी एका पिढीला लिनक्स शिकवले. लेखकाचे नाव, तारीख, दुरुस्त्यांची नोंद, सगळे माथ्यावर व्यवस्थित होते. तरी त्यांतल्या पुष्कळ पुस्तिका जागच्या जागी म्हाताऱ्या झाल्या. कारण बहुतेकींना एकच धनी होता. त्याला नोकरी लागली, मुले झाली, आवड बदलली. पुस्तिका तिथेच थांबली. तारखेने वाचक सावध झाला, पण पुस्तिका ताजी झाली नाही. बीजसंस्काराला ग्रंथ लागतो तसा वारसही लागतो.

६. काय शिळे होते, काय होत नाही

यावर एक आक्षेप येतो, आणि तो दुर्लक्षिण्यासारखा नाही. मार्गदर्शिकेने वाटा सांगाव्याच कशाला? कल्पना सांगाव्यात. ‘स्टाइल’ म्हणजे काय, मथळ्याला हाताने ठळक करण्यापेक्षा स्टाइल का लावावी, हे २०११ मध्ये खरे होते आणि आजही तेवढेच खरे आहे. स्टाइलची खिडकी मेनूतून जागा बदलत फिरली, पण एफ-११ ही कळ दाबली की ती तेव्हाही उघडत होती, आजही उघडते. मग अशाच टिकाऊ गोष्टी लिहाव्यात, देखभालीची कटकट संपेल.

हा सल्ला अर्धा बरोबर आहे. ज्याने कधी माउस धरला नाही, त्याला ‘स्टाइल’ची कल्पना हवेत समजत नाही. त्याला आधी दोनदा हाताने करून पाहावे लागते, आणि हाताला वाट लागते. वाट नसलेली मार्गदर्शिका शिळी होत नाही हे खरे, पण ती पहिल्या दिवशीही उपयोगी नसते. म्हणून दोन्ही हवेत, मात्र वेगवेगळे ठेवलेले हवेत. कल्पनेचा परिच्छेद सलग, निवांत गद्यात असावा. वाटेच्या ओळी त्याखाली आखलेल्या चौकटीत, आवृत्तीच्या क्रमांकासह याव्यात. दुरुस्ती करणाऱ्याने फक्त चौकटी तपासायच्या. पंचांगकर्ते हेच करत. गणिताची रीत ग्रंथात राही, त्या वर्षाचे आकडे त्या वर्षाच्या पंचांगात. आपल्या मराठी संगणक-पुस्तकांत रीत आणि आकडे एकाच वाक्यात कालवलेले असतात, म्हणून एक शब्द बदलला की सगळे प्रकरण संशयास्पद होते.

‘आवृत्ती’ या शब्दाचाही इथे विचार व्हावा. पुस्तकाची दुसरी आवृत्ती म्हटले की मराठी वाचकाच्या मनात पहिल्या प्रती संपल्याचा आनंद येतो. मजकूर बहुधा तोच असतो. सॉफ्टवेअरच्या आवृत्तीत मात्र मजकूर बदललेला असतो, म्हणून तर ती येते. एकाच शब्दाखाली हे दोन अर्थ नांदतात. मार्गदर्शिकेच्या मुखपृष्ठावर ‘तिसरी आवृत्ती’ छापले तर त्यातून काहीच कळत नाही. ती सॉफ्टवेअरच्या कोणत्या आवृत्तीची कितवी आवृत्ती, हे पूर्ण वाक्य हवे.

आणि शेवटी आपल्या वाङ्मयीन व्यवहाराविषयी. आपल्याकडे ग्रंथाचे प्रकाशन होते, लोकार्पण होते, पुरस्कार मिळतो. हे सगळे पहिल्या दिवसाचे मान आहेत. तिसऱ्या वर्षी चौथ्या प्रकरणातल्या सात ओळी दुरुस्त करणाऱ्याला देण्यासाठी आपल्याजवळ काही नाही. वाईला ‘मराठी विश्वकोशा’ने खंड पूर्ण करत नेले, आणि मग जुन्या नोंदी अद्ययावत करण्यासाठी विषयवार ज्ञानमंडळांची यंत्रणा उभारावी लागली, म्हणजे प्रश्न फक्त संगणकाचा नाही. स्पोकन ट्युटोरियलचे पाठ आणि लिबरऑफिसच्या मार्गदर्शिका, दोन्ही मुक्त परवान्याखाली आहेत. दुरुस्त करायला कोणाची मनाई नाही. महाविद्यालयातल्या मराठीच्या विद्यार्थ्याला प्रकल्प म्हणून एक प्रकरण द्यावे. त्याने ते चालू आवृत्तीसमोर ठेवून ओळीओळीने तपासावे, बदल नोंदवावेत आणि स्वतःचे नाव यादीत लावावे. पाठचिकित्सेचा याहून जिवंत वर्ग मला सुचत नाही.

समीक्षकांकडूनही एक अपेक्षा आहे. यापुढे अशा पुस्तकाचे परीक्षण लिहाल तेव्हा भाषा ओघवती आहे आणि छपाई सुबक आहे, एवढ्यावर थांबू नका. पुस्तक डाव्या हाताला ठेवा, उजव्या हाताला संगणक सुरू करा आणि पहिल्या पानापासून सांगितले आहे तसे करत जा. जिथे पडदा वेगळे दाखवील तिथे पानाचा क्रमांक लिहून ठेवा आणि ती यादी परीक्षणात छापा. लेखकाला तिचा उपयोग होईल. आणि त्या पानावर अडकलेल्या एखाद्या नवशिक्याला कळेल, की चूक त्याची नव्हती.